टाळ्या कशाला वाजवल्यास

९ ऑगस्ट १९९६

माना क्रिस्पिना,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस.

तुझं नाव आलंय. प्रांताच्या वर्धापनदिनी गव्हर्नरसाहेब ज्यांचा जाहीर सत्कार करतात, त्या यादीत यंदा पाचवं नाव तुझं आहे. 'क्रिस्पिना दाक्लाग, गाव लिबुदोन. अपंगत्वावर मात करून केलेली समाजसेवा, आयुष्यभर चालू ठेवलेलं शिक्षण आणि नेतृत्व.' यादी टाइप करायला माझ्याच टेबलावर आली, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळलं. शेजारच्या टेबलावरची फ्लोर म्हणाली, "दाक्लाग म्हणजे तुझ्या माहेरचं ना गं?" मी म्हटलं, "माझी थोरली बहीण, माझी माना." आणि मग दिवसभर माझ्या हातून चुकाच चुका झाल्या.

समारंभ १२ सप्टेंबरला, कचेरीसमोरच्या पटांगणात. आदल्या दिवशीच्या बसने ये, आमच्याकडे उतर. मुलं तुझी वाट बघतायत. एकच विनंती आहे, माना. लिबुदोनचे मेयर म्हणून व्हिलेगाससाहेबही व्यासपीठावर असतील. तुझं त्यांचं वाकडं आहे हे मला ठाऊक आहे. पण एक दिवस ते पोटात ठेव. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

तुझी,
सालिंग


१७ ऑगस्ट १९९६

सालिंग,

बसून वाचलं. वाचून झाल्यावर उठले आणि संतापाने सगळं अंगण झाडून काढलं.

'अपंगत्वावर मात' हे कोणी लिहिलं? सातव्या वर्षी तापात माझे कान गेले, ते गेलेलेच आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मेयरच्या कचेरीशी, आणि तिथे अजून मी मात केलेली नाही.

तू शहरात गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, म्हणून पुन्हा सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात बेनिग्नो गेला. आपला बेनिग्नो, बाबांची जाळी दुरुस्त करायचा तो. माझ्या वर्गातला पहिला विद्यार्थी. बत्तिसाव्या वर्षी स्वतःचं नाव लिहायला शिकला, तेव्हा गावातल्या प्रत्येक होडीवर त्याने ते खडूने लिहून ठेवलं होतं. नगरपालिकेच्या अहवालात आहे की कर्णा लावलेली जीप वस्तीतून तीनदा फिरली आणि इशारा दिला गेला. फिरली असेल. जन्माच्या बहिऱ्या माणसाला त्या कर्ण्याचा काय उपयोग? तो झोपला होता. शेजाऱ्यांना वाटलं तो पुढे गेला असेल. तिसऱ्या दिवशी त्याच्या भावाला, आर्सेन्योला, तो खाजणात सापडला.

त्याच्या आधी अकरा वेळा मी मेयरकडे कागद घेऊन गेले होते. पूर आला की बहिऱ्यांच्या घरी कोणीतरी माणूस पाठवा, एवढंच मागणं होतं. दर वेळी त्याच्या कारकुनाने चिठोऱ्यावर लिहून दिलं, 'पुढच्या वर्षी बघू.' ती अकरा चिठोरी माझ्याकडे आहेत.

मग आम्हीच केलं. तेवीस घरं, प्रत्येक घराला कान असलेला एक शेजारी. भिंतीतून आरपार नायलॉनची दोरी, एक टोक शेजाऱ्याच्या खिडकीला, दुसरं झोपलेल्याच्या घोट्याला. तीन हिसके म्हणजे ऊठ आणि चर्चच्या टेकडीकडे चल. गेल्या डिसेंबरात पाणी छपराला लागलं आणि आमच्यातला एकही माणूस गेला नाही. मेयर दुसऱ्या दिवशी टेकडीवर सार्डिनचे डबे वाटायला आला, फोटोग्राफरला बरोबर घेऊन.

असो. येईन. पण एक अट आहे. व्यासपीठावर मला खुणांची भाषा नीट येणारा दुभाषी हवा. बहिऱ्यांच्या शाळेतल्या मिस ओब्रेगोनला बोलाव. मी एकोणपन्नासाव्या वर्षी हायस्कूलच्या परीक्षेला बसले तेव्हा सगळे धडे तिनेच समजावले. तू नको. रागावू नकोस, पण तुझ्या खुणा म्हणजे आपल्या लहानपणच्या खुणा. भूक, मार, पाणी आण, आई आली. भाषणाला त्या पुरत नाहीत.

क्रिस्पिना


२८ ऑगस्ट १९९६

माना,

मिस ओब्रेगोनचं मी वर बोलले आहे. होऊन जाईल, तू काळजी करू नकोस.

आणखी एक ऐक. तुझं नाव कोणी सुचवलं माहीत आहे? खुद्द मेयर व्हिलेगासनी. माणूस चुकतो आणि मग सुधारतो, असं आपण त्यांच्याबद्दलही मानायला काय हरकत आहे?

तो तपकिरी झगा आणू नकोस. माझा निळा तुला बसेल.

सालिंग


१६ सप्टेंबर १९९६

लाडके सालिंग,

पोचले. बसमध्ये सगळा वेळ सन्मानचिन्ह मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईने ते मागून घेतलं, वाचलं आणि मला केळीच्या पानात बांधलेल्या गोड भाताचं अर्धं सुमान खायला दिलं.

खरं सांगू? इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. एवढे लोक, सगळे माझ्याकडे बघत होते. आणि तू खाली पहिल्या रांगेत, मान वर करून, प्रत्येक वाक्यानंतर मला खूण करत होतीस. मिस ओब्रेगोनची बस बंद पडली हे वाईट झालं, पण तू वेळ निभावून नेलीस. मेयर बराच वेळ बोलला. मी तुझ्याकडे पाहिलं, तू खूण केलीस, 'तुझं कौतुक. हस. टाळी.' तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, सालिंगचंच खरं असेल, माणूस सुधारत असेल.

तो नक्की काय बोलला ते सवडीने लिहून पाठव. वर्गात सगळे विचारतायत. लिहितावाचता येणारे आता अठरा जण आहेत, त्यांना वाचायला देईन.

तुझी,
माना


२२ सप्टेंबर १९९६

माना,

कामाचा फार रगाडा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. भाषण म्हणजे काय, नेहमीचंच. तू किती धीराची, किती कष्टाची, लिबुदोनला तुझा किती अभिमान. शब्द न् शब्द कसा आठवणार? धाकटीला खोकला झालाय. निळा झगा तुझ्याकडेच राहू दे.

सालिंग


२९ सप्टेंबर १९९६

सालिंग,

आज वर्ग चालू होता. लुसिंग आली. आर्सेन्योची बायको, तिला ऐकू येतं, आणि त्याच्याशी लग्न केल्यापासून ती आमच्यासारखीच बोलते. मागे आर्सेन्यो होता. तिने दारातूनच माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं अभिनंदन करतेय. मी हसले. ती पुढे आली आणि माझ्या तोंडासमोर पुन्हा टाळ्या वाजवल्या. वाजवतच राहिली. तिचे तळवे लाल झाले.

मी विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "काल दुकानात रेडिओवर ते सगळं पुन्हा लावलं होतं. सगळा समारंभ ऐकला. माझ्या दिराला हट्टी म्हणाले. इशारा वेळेवर दिला होता, पण काही हट्टी माणसं जुमानत नाहीत आणि जिवाला मुकतात, असं म्हणाले. नाव घेऊन. आणि दोऱ्यांची युक्ती मेयरची, नगरपालिकेची. तू फक्त ती राबवलीस. मग रेडिओवाला काय म्हणाला सांगू? म्हणाला, सत्कारमूर्ती क्रिस्पिना दाक्लाग हसून टाळ्या वाजवत आहेत." मग तिने मला विचारलं, "टाळ्या कशाला वाजवल्यास?"

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "तुझी बहीण समोर होती. तिला तरी ऐकू येतं ना?"

मी आर्सेन्योशी बोलायला गेले. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिला. आमच्यात हातांवरून नजर काढली की समोरच्याचं तोंड दाबल्यासारखं असतं. पंधरा वर्षांत त्याने माझ्याशी असं कधी केलं नव्हतं. अठरापैकी सात जण त्याच्याबरोबर उठून गेले.

आता मला सांग. मेयरने बेनिग्नोचं नाव घेतलं तेव्हाच तुझ्या हातांनी मला 'हस' म्हटलं का? मी प्रत्येक वाक्यानंतर तुझ्याकडे बघत होते. बाकी कोणाकडे बघायचं होतं मी? पटांगणातल्या त्या हजार माणसांना कळत होतं मी कशावर हसतेय, फक्त मला कळत नव्हतं. लोकांनी माकडाचा खेळ बघावा तसं मला बघितलं, आणि दोरी तुझ्या हातात होती.

पूर्ण भाषण पाठव. एकही शब्द न गाळता. रेडिओवाल्याकडून घे, मेयरकडून घे, कुठूनही घे. आणि धाकटीच्या खोकल्याबद्दल मला लिहू नकोस.

क्रिस्पिना


६ ऑक्टोबर १९९६

माना,

भाषणाची कार्बन प्रत सोबत आहे.

आता खरं लिहिते. मिस ओब्रेगोनची बस बंद पडली नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. आमचे विभागप्रमुख पाचेको मला म्हणाले, "वीस मिनिटांसाठी कशाला हवा दुभाषी? तू बहीण आहेस ना, दे दोन खुणा करून. तिला काय मोठं व्याख्यान द्यायचंय?" मी "बरं" म्हटलं. तुला कळवलं असतं तर तू आली नसतीस, म्हणून कळवलं नाही.

माझी नोकरी कायमची नाही. दर सहा महिन्यांनी पाचेको सही करतात तेव्हा पुढचे सहा महिने मिळतात. पाचेको मेयरचे मेहुणे आहेत. नेस्टर दोन वर्षांपासून घरी बसून आहे, नवऱ्याचा पगार म्हणून घरात काही येत नाही. मी हे सबब म्हणून लिहीत नाही. की सबब म्हणूनच लिहितेय, मलाच कळत नाही.

त्या वेळी मनात एवढंच आलं की तुझा दिवस तरी आनंदात जावा. तू किती छान दिसत होतीस. 'बेनिग्नो' शब्द आला आणि माझे हात थांबले. तू माझ्याकडे बघत होतीस. काहीतरी करायलाच हवं होतं. मग ती खूण केली.

मला माफ कर.

सालिंग


१२ ऑक्टोबर १९९६

सालिंग,

प्रत मिळाली. चार वेळा वाचली. पहिल्यांदा भाषण वाचलं. चौथ्यांदा कागद वाचला.

वर तारीख आहे ३ सप्टेंबर. समारंभाच्या नऊ दिवस आधीची. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, तिथे तुझी आहेत.

मेयरला भाषण तुमच्या कचेरीने लिहून दिलं आणि ते तुझ्या मशीनवर टाइप झालं. म्हणजे व्यासपीठासमोर तुला अचानक काही ऐकू आलं नाही. हात थांबलेबिंबले नाहीत. मी ११ तारखेला तुझ्या घरी उतरले, तू मला भात वाढलास, निळा झगा घालून बघायला लावलास, आणि सगळा वेळ तुला ठाऊक होतं की उद्या माझ्यासमोर बेनिग्नोला हट्टी म्हणणार आहेत. 'हट्टी' हा शब्द तुझ्या बोटांनी कागदावर उमटवलाय. ज्या माणसाने तुझ्या लग्नाच्या दिवशी मांडवाची दोरी धरून सगळी दुपार उन्हात काढली, त्याच्यासाठी.

मेयरने खोटं बोलावं. तो खोटारडा आहे, त्याचं मला नवल नाही. पाचेकोला मी ओळखत नाही. तू माझी बहीण आहेस. माझे कान गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. कोणी दार वाजवलं की धावत येऊन माझा झगा ओढायचीस. त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती तू.

इथलं ऐक. २३ नोव्हेंबरला गावच्या जत्रेत मेयर चौकात एका फलकाचं उद्घाटन करणार आहे. 'पूर-इशारा योजना, प्रणेते मेयर व्हिलेगास.' मला बोलावणं आलंय. गळ्यात सत्काराचा पट्टा घालून त्याच्या शेजारी बसायचं आहे. मी कारकुनाला लिहून विचारलं, आभाराचे दोन शब्द बोलू का? तो हसला आणि मेयरला विचारून आला. हो म्हणाले. मुकी काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल.

मी बोलणार आहे. कोण आवाज देईल ते अजून माहीत नाही. मिस ओब्रेगोन आजारी आहे. लुसिंग माझ्याशी बोलत नाही.

तू पत्र पाठवू नकोस.

क्रिस्पिना


३ नोव्हेंबर १९९६

माना,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतेय. फाडून टाकायचं असेल तर वाचून फाड.

'हट्टी'पाशी मी थांबले होते. कागद मशीनमधून काढला, टेबलावर ठेवला, पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा पाचेको टेबलापाशी उभे होते. मी कागद पुन्हा चढवला. त्या वेळी मनात जे आलं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. मनात आलं, तिला कुठे ऐकू येणार आहे. तुझ्या बहिरेपणाचा मला आधार वाटला, माना. लहानपणी लोक तुझ्या पाठीमागे काहीबाही बोलायचे आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायची. तीच मी, त्या लोकांत जाऊन बसले.

माफी मागत नाही. तू देणार नाहीस, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही दिली नसती.

२३ तारखेला मी येते. तू हातांनी जे बोलशील ते मी तोंडाने बोलेन, कर्ण्यावरून, माझ्या नावानिशी. माझ्या खुणा अपुऱ्या आहेत हे खरं. म्हणून गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी मिस ओब्रेगोनच्या घरी जातेय. ती अंथरुणावर पडल्या पडल्या शिकवते. म्हणते, "तुझे हात तोतरे आहेत." नोकरीचं काय व्हायचं ते होईल. नेस्टरशी बोलले. तो म्हणाला, "आजवर तुझ्या पगारावर जेवलो, आता तुझ्या तोंडाकडे बघून जेवेन."

तू नको म्हणालीस तर येणार नाही.

सालिंग


८ नोव्हेंबर १९९६

सालिंग,

ये.

मी जे बोलेन ते सगळं बोलायचं. मऊ करायचं नाही. मध्ये कोणी काही म्हणालं तर तेही मला खुणेने सांगायचं, शिवी असली तरी. माझ्याकडे बघायचं, लोकांकडे नाही.

मुक्कामाला माझ्याकडे येऊ नकोस. काम झालं की दुपारच्या बसने परत जा.

क्रिस्पिना


२६ नोव्हेंबर १९९६

माना,

तू सांगितलंस तशी दुपारचीच बस धरली. व्यासपीठावरून उतरल्यावर तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून तुला कळलं नसेल ते लिहितेय.

तुझ्या तिसऱ्या वाक्याला कर्णा बंद केला. 'अकरा वेळा मी कागद घेऊन गेले' इथपर्यंत आवाज चौकभर गेला, पुढे फक्त माझा घसा. मी तुला खूण केली, 'आवाज बंद.' तू मान हलवलीस आणि बोलतच राहिलीस. मग मी ओरडायला लागले. सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणाला, "बाई, आवरा आता." मेयर लोकांकडे बघून हसत म्हणाले, "सत्काराने भारावून गेल्या आहेत." तेही मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "मी भारावलेली नाही, मी चिडलेली आहे," आणि मी ते ओरडून सांगितलं, तेव्हा पुढच्या रांगा हसल्या. मेयरवर हसल्या, तुझ्यावर नाही. हे तुला कळायला हवं.

'बेनिग्नो हट्टी नव्हता. त्याला सांगायला कोणी गेलं नाही.' हे म्हणताना माझा आवाज फाटला. मागे पोचलं नसणार असं वाटलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून तेच वाक्य कोणीतरी मोठ्याने म्हटलं. मी वळून पाहिलं नाही, तू सांगितलं होतंस म्हणून. तू म्हणालीस, 'बारा सप्टेंबरला मी टाळ्या वाजवल्या. त्या मी परत घेते.' मी बोलले, पाठीमागून तो आवाज बोलला, आणि त्याच्याही मागून आणखी कोणी. बसमध्ये एका बाईने सांगितलं की तो पहिला आवाज लुसिंगचा होता.

सोमवारी पाचेकोंनी बोलावलं. डिसेंबरपासून यायचं नाही. आणि एक निवेदन टाइप करून जा म्हणाले, 'लिबुदोन येथील प्रकार एका अपंग महिलेच्या गैरसमजातून घडला.' मी म्हटलं, "गैरसमज नाही. भाषणाची प्रत मी स्वतः तिला पाठवली." ते म्हणाले, "सरकारी कागद बाहेर दिलास?" मी म्हटलं, "हो. टाइप मीच केला होता, चांगला पाठ होता." मग पर्स घेऊन निघाले.

शिवणाचं काम बघतेय.

सालिंग


२ डिसेंबर १९९६

सालिंग,

मी होते तिथून मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही. तुझी पाठ लोकांकडे होती.

कर्णा बंद झाला तेव्हा मागचे लोक एकमेकांना विचारायला लागले. मग लुसिंग बाकावर चढली. चप्पल काढून चढली, ते मला दिसलं. ती तोंडाने बोलत होती आणि त्याच वेळी हातांनीही, शेवटच्या रांगेतल्या आमच्या लोकांसाठी. आर्सेन्यो बाक धरून उभा होता. त्याने वर पाहिलं, माझ्या हातांकडे. दोन महिन्यांनी. नंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "हे तू तिथेच म्हणायला हवं होतंस." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "उद्या वर्गाला येतो." सातही जण परत आले.

बेनिग्नोची आई आपोलोनिया दुसऱ्या रांगेत होती. मेयर उठून तिच्याजवळ गेला, वाकून तिचा हात धरला, फोटोग्राफर धावला. तिने हात सोडवून घेतला आणि झग्याला पुसला. मग खुर्ची उचलली, मेयरकडे पाठ करून मांडली आणि पुन्हा बसली. ब्याऐंशी वर्षांची आहे ती. कोणाला खुर्चीला हात लावू दिला नाही.

सगळं छान झालं असं समजू नकोस. फलक तिथेच आहे, त्यावर नाव त्याचंच आहे. नगरपालिकेच्या अहवालातलं 'इशारा दिला गेला' हे वाक्य काढावं म्हणून मी अर्ज दिला. सभेत तो एका मताने पडला. जानेवारीत पुन्हा देणार आहे. अकरा चिठोऱ्यांची बारा झाली तरी चालेल. लोक विचारतायत, सन्मानचिन्ह परत करणार का? का करू? काम मी केलंय, तेवीस घरांनी केलंय. भाषण खोटं होतं, काम खोटं नव्हतं. वर्गात फळ्याच्या वर टांगलंय, आणि त्यावरचे 'अपंगत्वावर मात करून' एवढे शब्द आर्सेन्योने पटाशीने घासून काढलेत. आता नीट वाचता येतं.

तुझी नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटतं. तुझ्यासाठी नाही, मुलांसाठी. तुला अजून माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. सकाळी तोंड धुताना आठवतं आणि हात तिथेच थांबतो.

आता एक विचारायचं होतं, पण विचारत नाही. लुसिंगने सांगितलं. शेवटच्या वाक्यात मी म्हटलं होतं, 'या गावाला लाज वाटायला हवी, आणि माझ्या बहिणीलाही.' तू म्हणालीस, 'या गावाला दुःख व्हायला हवं, आणि माझ्या बहिणीलाही.' लुसिंगने बाकावरून ते दुरुस्त करून सांगितलं, म्हणून गावाला कळलं. 'लाज' आणि 'दुःख' या खुणा जवळजवळ सारख्या आहेत. एकीत हात गालावरून खाली येतो, दुसरीत छातीवरून. पाच आठवड्यांत शिकलेल्या माणसाची गल्लत होऊ शकते. किंवा तुझी जीभ अडली असेल. मिस ओब्रेगोन पत्रात लिहिते, गल्लतच असणार, तुझे हात तोतरे आहेत. मी तिचं ऐकायचं ठरवलंय, निदान या महिन्यापुरतं.

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन ये. या वेळी मुक्कामाला माझ्याकडेच. वर्ग रोज पाचला भरतो, तुला पहिल्या बाकावर बसावं लागेल, नव्याने आलेल्यांबरोबर, आणि तिथे बहीण म्हणून सवलत मिळणार नाही. आधी 'लाज' शिकवीन. ती नीट यायला लागली की बाकीचं बघू.

क्रिस्पिना